सावजी मसाल्याच्या ऑर्डरी येतात, पण हाती काही उरत नाही

मसालेवाली_नंदनवन

नमस्कार. आठ महिन्यांपासून घरच्या सावजी मसाल्याची वेबसाइट चालवून राहिली आहे. भिवापुरी मिरची नागपूरच्या कळमना बाजारातून आणते, देठं खुडून दोन दिवस उन्हात. धणे, दगडफूल, खसखस सासूबाईंच्या मापाने. २०० ग्रॅमचा पाऊच २४० रुपयांना, घरपोच. महिन्याला दीडशे ऑर्डरी, त्यातल्या निम्म्या पुण्याच्या. लोक पुन्हा मागवतात, म्हणजे चवीत खोट नाही.

पण हिशोब बघा. मसाला कांडपासकट ८४, पाऊच-खोका २२, कुरिअर ११८, जीएसटी ११. उरले ५ रुपये! त्यातून फेसबुकची जाहिरात ऑर्डरमागे ९० रुपये. वर कॅश ऑन डिलिव्हरीची शंभरातली तीस पार्सलं परत येतात, जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच माथी. आमचे हे म्हणतात, भाव ३०० कर. मला धीर होत नाही. काय करू?

इतवारीवाला

ताई, भावाचं नंतर पाहू. मी ११८ वर अडकलो. अर्ध्या किलोच्या आतलं पार्सल पुण्याला माझं ७० रुपयांत जाते. तुमचा खोका मोठा असावा.

कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५००० ने भागा. २५ × २० × १२ चा खोका म्हणजे ६०००, भागले की १.२ किलो. दर अर्ध्या-अर्ध्या किलोने चढतो, म्हणून आत २०० ग्रॅम मसाला असून पैसे दीड किलोचे. मी संत्रा बर्फी पाठवायला लागलो तेव्हा वर्षभर कुरिअरचं बिल न वाचताच भरलं, त्याची हळहळ अजून आहे.

२० × १५ × ८ चा हलका खोका घ्या. तो ०.४८ किलो होतो, आणि त्यात दोन पाऊच आरामात बसतात. भाडं तेच ७०. दोनची जोडी ४६० ला ठेवा : मसाला १६८, पॅकिंग ३२, कुरिअर ७०, जीएसटी २२. हातात १६८ राहतात. जाहिरातीचे ९० गेले तरी ७८ तुमचे. वेबसाइटवर जोडीच आधी दिसू द्या.

कॅश ऑन डिलिव्हरी एकदम बंद करू नका, नवीन माणूस त्याशिवाय विश्वास टाकत नाही. ऑर्डर आली की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पक्का करा आणि ४० रुपये यूपीआयने आगाऊ घ्या. उत्तर नाही आलं तर पार्सल बांधूच नका. माझ्याकडे परतीचं प्रमाण यानेच उतरलं.

आणि जाहिरात सगळ्या महाराष्ट्राला कशाला दाखवता? आपली विदर्भाची पोरं पुण्यात हिंजवडी-खराडीत आहेत, तिथले पिनकोड लावा. पाऊच संपायच्या सुमारास, पंचवीस दिवसांनी, जुन्या गिऱ्हाइकाला एक मेसेज टाका. त्या ऑर्डरला जाहिरातीचा पैसा लागत नाही, खरी कमाई तिथेच आहे.

हिंगणा_रोड

भाऊंचं बरोबर, पण एक जोडतो. एकच पाऊच घेणाऱ्याला घरपोच फुकट देऊ नका. पाऊच १८०, पोच ७० वेगळे लावा, जोडीवर पोच माफ. म्हणजे गिऱ्हाईक आपणहून जोडी घेते.

लेबलवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, बॅच, पत्ता, तक्रारीचा फोन आणि हिरवा ठिपका आहे ना? जीएसटी भरता हे उत्तम. मसाल्यासारखा करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते.

मसालेवाली_नंदनवन

टेप लावून मोजलं. २८ × २१ × ११. गांधीबागेतून साडीचे खोके स्वस्तात मिळतात म्हणून दर वेळी शंभर आणत होते! ६४६८ भागिले ५०००, १.२९. म्हणजे आठ महिने मी हवेचं भाडं भरलं.

भाऊ, दोघांचे मनापासून आभार. लेबलवर बॅच नंबर नाही, तो उद्याच टाकते. साठ खोके अजून पडून आहेत. कापून लहान करता येतात का, ते रात्री स्वयंपाक आटोपला की बसून पाहते.