लूक खरंच वैद्य होता का? आणि चित्रकार?

पोथीवाला:
येशूचं चरित्र सांगणारं एक शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे, त्या संत लूकचा सण १८ ऑक्टोबरला. तो जवळ आला की वैद्यांचा आश्रयदाता, चित्रकारांचा आश्रयदाता, प्रेषित पौलाचा जिवलग सोबती ही बिरुदं फिरायला लागतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: यातलं वैद्यकीचं बिरुद एका ओळीवर उभं आहे, आणि चित्रकारीच्या बिरुदाला तेवढाही आधार नाही.

बायबलच्या नव्या करारात लूकचं नाव तीनच ठिकाणी येतं. कलस्सैकरांस पत्रात (४:१४) तो 'प्रिय वैद्य' आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात (ओवी २४) तो सहकाऱ्यांच्या यादीत आहे. तिसरा उल्लेख तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला (४:११). मेख अशी की या तिन्हींपैकी पौलाचं म्हणून सर्वमान्य पत्र फिलेमोनाचं एकच, आणि त्यात वैद्यकीचा शब्दही नाही. लूकच्या म्हणवल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात लेखक स्वतःचं नाव सांगत नाही. थियफिला नावाच्या वाचकाला उद्देशून लिहितानाच तो कबूल करतो की माहिती साक्षीदारांकडून आली आहे. या ग्रंथाला लूकचं नाव स्पष्टपणे जोडणारा धर्मलेखक इरेनियस थेट इ.स. १८० च्या आसपासचा.

वसईचा वाचक:
पोथीवाले, एक ओळ आहे हे मान्य. पण ज्याला नाव बनवायचंच आहे तो असा माणूस निवडेल का? पुढे जी बनावट शुभवर्तमानं निघाली त्यांच्यावर पेत्र, तोमा अशी वजनदार नावं चिकटवली गेली. लूक बारा शिष्यांतला नाही, त्याने येशूला पाहिलेलं नाही. असं आडबाजूचं नाव कोणी उगाच लावत नाही. शिवाय इ.स. २०० च्या सुमाराचा मानला जाणारा पपायरस ७५ हा हस्तलेख (सध्या व्हॅटिकनच्या ग्रंथालयात) 'लूकप्रमाणे शुभवर्तमान' असं स्वच्छ लिहून संपतो. दुसऱ्या कुणाच्या नावाने हा ग्रंथ कधी फिरलाच नाही.

आता 'प्रेषितांची कृत्ये' हा येशूनंतरच्या शिष्यांची कथा सांगणारा ग्रंथ उघडा. शुभवर्तमान आणि हा ग्रंथ एकाच हातचे, याबद्दल फारसा वाद नाही. १६:१० मध्ये त्रोवस इथे कथा अचानक 'ते' सोडून 'आम्ही' वर येते. फिलिप्पैला पोचल्यावर 'आम्ही' गायब. मग २०:५-६ मध्ये ते परत येतं, तेही फिलिप्पैहूनच! निवेदक त्या गावी मागे राहिला आणि पौल परतल्यावर पुन्हा सोबत निघाला, एवढा साधा अर्थ आहे. शेवटचं 'आम्ही' रोमला पोचल्यावर, २८:१६ मध्ये.

तपशिलाचा नेमकेपणाही पाहा. थेस्सलनीकेच्या अधिकाऱ्यांना तो 'पोलितार्ख' म्हणतो (१७:६). ग्रीक वाङ्मयात हे पद फारसं सापडत नाही, म्हणून टीकाकारांना शंका होती. त्याच शहराच्या वार्दार वेशीवरच्या शिलालेखात नेमका हाच शब्द निघाला. १८७६ मध्ये वेस पाडली, शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

पोथीवाला:
शिलालेखाने लेखक माहितगार ठरतो, पौलाचा सोबती ठरत नाही. खुद्द पौल गलतीकरांना (१:१७-१८) सांगतो की येशूचं दर्शन झाल्यावर आपण यरुशलेमेला न जाता अरबस्थानात गेलो, तीन वर्षांनी यरुशलेमेला जाऊन पंधरा दिवस राहिलो. प्रेषितांची कृत्ये (९:२३-२६) त्याला दिमिष्कातून (दमास्कसमधून) सरळ यरुशलेमेला नेतं. अरबस्थानाचं नाव नाही. वर्षानुवर्षं सोबत चाललेल्याला एवढं ठाऊक नको? आणि रोमचा सुभेदार क्विरीनियाची नावनिशी, म्हणजे शिरगणती (लूक २:२)! ती झाली इ.स. ६ मध्ये. राजा हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. शुभवर्तमानातली कथा हेरोदाच्या काळात सुरू होते आणि येशू जन्मतो नावनिशीच्या वेळी. मधली ही नऊ-दहा वर्षं कुठे बसवायची?

नाडीपरीक्षा:
नावनिशीची गाठ सुटत नाही हे खरं, पण वैद्यकीचे पुरावे मजकुरातच आहेत. शिमोनाच्या सासूच्या आजाराला दुसरा शुभवर्तमानकार मार्क नुसता 'ताप' म्हणतो. लूक (४:३८) 'मोठा ताप' म्हणतो, आणि तापाचे मोठा-लहान असे भेद वैद्य करत, असं प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन नोंदवतो. रक्तस्रावाच्या बाईने 'वैद्यांच्या हातून हाल सोसले, पैसा घालवला, उलट आजार वाढला' असं मार्क (५:२६) ठोकून देतो. लूक (८:४३) तेच बरंच सौम्य करतो. आपल्या धंद्याची अब्रू कोण राखणार, सांगा! मिलिता (माल्टा) बेटावर पुब्लियाच्या बापाचा आजारही 'ताप आणि आमांश' असा दोन पदरी दिलाय (प्रे. २८:८). विल्यम होबार्टने १८८२ मध्ये अशा शब्दांचं अख्खं पुस्तक केलं.

खडूस:
होबार्टचं पुस्तक बाद झालं, तेही पद्धतीतल्या चुकीमुळे. त्याने लूकचे शब्द घेतले, ते हिपोक्रातीस आणि गेलेन या वैद्यांच्या ग्रंथांत शोधले, सापडले की 'वैद्यकीय' असा शिक्का मारला. तेच शब्द वैद्य नसलेल्या लेखकांत आहेत का, हे त्याने तपासलंच नाही. १९१९-२० मध्ये हेन्री केडबरीने ती उलट तपासणी केली. जोसेफस, प्लुटार्क, लुसियन आणि जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर यांत त्यातले बहुतेक शब्द निघाले. यातला कोणीही दवाखाना चालवत नव्हता. केडबरीने लूकची डॉक्टरकी हिरावून स्वतःची डॉक्टरेट मिळवली, हा विनोद त्यावरूनच निघाला.

रक्तासारखा घाम (२२:४४) हाही वैद्याचा पुरावा म्हणून दाखवतात. पपायरस ७५ आणि व्हॅटिकन हस्तलिखित या दोन्हींत ती ओवीच नाही. आधी पाठ तपासा, मग रोगनिदान करा.

नाडीपरीक्षा:
तंत्राचं मान्य. पण त्याने 'शब्दांवरून वैद्य ठरत नाही' एवढंच सिद्ध झालं. 'वैद्य नव्हता' हे केडबरीनेही म्हटलेलं नाही.

रंगारी:
चित्रकार लूकबद्दल मात्र मी पोथीवाल्यांच्या बाजूने. पहिल्या काही शतकांत ही गोष्ट कुठेच नाही. सहाव्या शतकातला चर्चचा इतिहासकार थिओडोर लेक्टर याच्या नावावर एक उल्लेख दाखवतात: राणी युडोकियाने यरुशलेमेहून लूकने काढलेलं मरियेचं चित्र नणंद पुल्केरियाला पाठवलं. तो मजकूर आपल्याला मिळतो चौदाव्या शतकातला इतिहासकार नाइसिफोरस याच्या लेखनात, तेव्हा मधली भर नाकारता येत नाही. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला मूर्तिभंजनाचा वाद पेटला तेव्हा ही गोष्ट फार कामाची झाली. खुद्द शुभवर्तमानकारानेच चित्र काढलं म्हटल्यावर चित्र फोडणार कोण?

वस्तूंकडे पाहिलं तर प्रश्नच उरत नाही. लूकचं म्हणून सांगितलं जाणारं मॉस्कोचं मरियेचं चित्र, 'व्लादिमीरची माता', बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला घडलं. पद्धत ठरलेली: लाकडी फळीवर सरसाने लिननचं कापड, वर खडू-सरसाच्या लेपाचे अनेक थर, ते घासून गुळगुळीत, मग अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि शेवटी जवसाच्या तेलाचा हात. गोची या तेलातच आहे. काही दशकांत ते काळवंडतं, चेहरा दिसेनासा होतो, की पुढचा चित्रकार त्यावरच नवा चेहरा रंगवतो. म्हणून व्लादिमीरच्या चित्रात मूळ काम मुख्यतः दोन चेहऱ्यांपुरतं उरलंय. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरचं मरियेचं चित्रही लूकचं आणि संत थॉमसने आणलेलं, असं सांगतात.

वसईचा वाचक:
पण ही कथा लूकलाच का चिकटली? गब्रिएल देवदूताचा निरोप, नातलग अलीशिबेची भेट, गोठ्यातलं बाळ, मंदिरातला म्हातारा शिमोन: मरियेचे हे प्रसंग एकट्या लूकमध्ये आहेत. १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणातला गब्रिएलाचा प्रसंगही मुळात लूकचाच. शब्दांत त्याने मरियेला रंगवलंच होतं. फळीवर रंगवल्याची कथा तिथून आली असेल, तर तिला नुसती थाप म्हणता येणार नाही.

हाडवैद्य:
लूकच्या अवशेषांचं राहिलंच. परंपरा अशी: लूक अविवाहित, ८४ वर्षांचा होऊन ग्रीसमध्ये बिओशियात वारला. इ.स. ३५७ मध्ये सम्राट कॉन्स्टँशियसने अस्थी कॉन्स्टँटिनोपलला नेल्या. आज त्या इटलीत पाडुआच्या सांता जुस्तिना बॅसिलिकात आहेत. १९९८ मध्ये कबर उघडली. शिशाच्या पेटीत म्हाताऱ्या पुरुषाचा सांगाडा निघाला, डोक्याशिवाय. डोकं सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५४ मध्ये प्रागला नेलेलं. ते आणून बसवलं, तर मानेच्या पहिल्या मणक्याशी जुळलं.

पेटीतल्या दाताचा डीएनए फेरारा विद्यापीठाच्या बार्बुयानी गटाने तपासला, निष्कर्ष २००१ मध्ये आले. ग्रीकांपेक्षा सीरियाच्या लोकांशी मेळ चांगला. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस लूकला सीरियातल्या अंत्युखियाचा (अँटिऑकचा) म्हणतो, तेव्हा हे जुळतं.

पोथीवाला:
८४ हा आकडा बघा. लूकच्याच शुभवर्तमानात संदेष्टी हन्ना ८४ वर्षांची विधवा आहे (२:३७). योगायोग म्हणा हवं तर.

खडूस:
हाडवैद्य, अर्धाच निष्कर्ष सांगितलात. तो डीएनए मायटोकाँड्रियाचा, म्हणजे फक्त आईकडचा. तुलना आजच्या सीरियन, ग्रीक आणि तुर्की लोकांशी. दोन हजार वर्षांत तिथली माणसं किती हलली, हे त्यात येत नाही. त्यातही तुर्कस्तानचा माणूस असण्याची शक्यता त्या गटाला वगळता आली नाही, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलमध्ये दुसरीच अस्थी पेटीत गेली असं कोणी म्हटलं तर उत्तर नाही. अस्थींचा कार्बन-चाचणीने निघालेला काळ इ.स. ७२ ते ४१६. या साडेतीनशे वर्षांत अंत्युखियाकडचे किती म्हातारे वारले असतील!

हाडवैद्य:
मान्य, नाव सिद्ध होत नाही. पण मध्ययुगात कोणीतरी ताजं प्रेत घालून यात्रेकरूंना फसवलं, हा आरोप मात्र कार्बनने निकालात काढला. आणि हा तपास सुरू झाला कसा, तेही पाहा. ग्रीसमधल्या थीब्सच्या ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्षांनी १९९२ मध्ये तिथल्या लूकच्या रिकाम्या थडग्यासाठी पाडुआकडे एक अवशेष मागितला. पाडुआने आधी तपासून घेतलं, मग २००० मध्ये हृदयाजवळची एक बरगडी थीब्सला दिली.