ताटाखाली काय घालता? टेबल मॅटचे अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव
चार जणांचं नवीन टेबल आलंय, चार फूट बाय अडीच फूट, सागवानी, वर पॉलिश. मॅट घ्यायला गणपत गल्लीत गेले. दुकानदारानं ढीगभर प्रकार समोर मांडले आणि मी हात हलवत परत आले. तुमच्याकडे काय टिकलं, काय टाकून दिलं, ते सांगा.

शहापूर
आधी घरातलं ताट मोजा ओ! बाजारातली मॅट बहुतेक १२ बाय १८ इंच. आमची स्टीलची ताटं १३ इंची. कड बाहेर राहते आणि आमटी सांडली की थेट टेबलावर. ती मापं काटा-सुरीवाल्यांची, प्लेटच्या दोन्ही बाजूंना जागा हवी म्हणून लांब. मी १४ इंच रुंदीच्या शिवून घेतल्या. पण तुमचं टेबल ३० इंचाचं, समोरासमोर दोन १४ च्या घातल्या की मध्ये दोनच इंच उरतात. भाताचं पातेलं काय डोक्यावर ठेवणार?

निपाणी
पॉलिश असेल तर प्लास्टिकची घ्याल तर सांभाळून. आम्ही मे महिन्यात गावी गेलो, मॅट तशाच टेबलावर. आल्यावर उचलली तर चिकटलेली, आणि विणीचा ठसा लाकडावर. पॉलिशवाला म्हणाला, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात तेच पॉलिशला मऊ करतं. जेवण झालं की पुसून उभी करून ठेवायची, एवढंच. दुरुस्तीला गेलेल्या पैशात दोन डझन मॅट आल्या असत्या.

खानापूर
आमच्याकडे उलटं. कापडी आणि तागाच्या मॅट पावसाळ्यात वाळतच नाहीत. एकदा तागाची उचलली तर खाली काळे ठिपके, वासही. जून ते सप्टेंबर प्लास्टिक, दिवाळीला कापड. सनमायका आहे, त्यामुळे चिकटायची भीती नाही.

वडगाव
जुन्या सुती साडीच्या चार पदरी घड्या, गोधडीसारखा धावदोरा. गरम ताट ठेवा, काही होत नाही. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिका पडतो. सावलीत वाळवाल तर तसाच राहतो.

चिकोडी
आम्ही वर्तमानपत्र घालायचो. सासूबाई म्हणाल्या, अक्षरावर ताट? सरस्वती आहे ती! मग बंद. आता ताटाखाली काहीच नाही, फडकं हाताशी.

टिळकवाडी, बेळगाव
ताट मोजलं, साडेबारा. टेबल भिंतीला लावून तीनच मॅट घालून बघितल्या, पातेल्याला जागा झाली. चौथा माणूस कुठे बसणार, ते मात्र ठरेना. साडी शोधतेय. आईची इरकल हातात आली होती, परत घडी करून ठेवली.