'सफ्रेजेट'ला मराठीत काय म्हणावं?

चिंचगुळी
ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'स्त्री-मताधिकारवादी' लिहून मोकळी होणार होते, पण लेखात 'सफ्रेजिस्ट' आणि 'सफ्रेजेट' असे दोन शब्द आहेत आणि लेखिका त्यांत फरक करते. दोन्हीकडे 'मताधिकारवादी' लिहिलं की 'मताधिकारवाद्यांना मताधिकारवाद्यांचं वागणं पटेना' असलं काहीतरी होतंय. शिवाय सफ्रेजचा इंग्रजीतल्या 'सफर'शी, म्हणजे सोसण्याशी संबंध आहे का हो? मैत्रीण ठामपणे 'आहे' म्हणतेय.

अडकित्ता
मैत्रिणीला सांगा, नाही. लॅटिन 'सुफ्रागिउम' म्हणजे मत, कौल. सोसण्याचं 'सफर' वेगळ्या मुळाचं. जाता जाता, 'व्होट'चं मूळ 'व्होटुम' म्हणजे नवस. आपल्याकडेही कौल देवाला लावतात आणि निवडणुकीत देतात, तेव्हा हसायला नको.

आता फरक. सफ्रेजिस्ट हा जुना शब्द, बाई-बुवा दोघांनाही चालणारा. मिलिसेंट फॉसेट यांची मंडळी ही: सभा, अर्ज, खासदारांच्या गाठीभेटी. १९०३ मध्ये मँचेस्टरला एमेलिन पँकहर्स्ट यांनी वेगळी संघटना काढली, 'शब्द नकोत, कृती हवी' म्हणत. मंत्र्यांच्या सभा उधळणं, पुढे काचा फोडणं, तुरुंगात जाणं. त्यांना हिणवायला 'डेली मेल'ने १९०६ साली 'सफ्रेजेट' हा शब्द पाडला. '-एट' लावलं की वस्तू छोटी किंवा नकली होते, सिगारची सिगारेट होते तशी. तर या बायकांनी तो शब्दच उचलला आणि १९१२ मध्ये आपल्या साप्ताहिकाला तेच नाव दिलं. त्यात 'गेट' आहे, म्हणजे आम्ही मिळवणारच, असाही अर्थ लावला. त्यामुळे मराठी शब्दात आधी टवाळी हवी आणि मग ती मिरवताही यायला हवी. 'मताधिकारवादी'त दोन्ही नाही.

नागपुरी संत्रं
टवाळीला मराठीत काय तोटा? म्हातारीची म्हातारडी होते, पोरीची पोरटी. त्या चालीवर 'मताधिकारडी'!
बरं, गमतीचं सोडा. 'मतवाल्या' कसं वाटतं? मत मागणाऱ्या, आणि डोकं फिरलेल्याही.

चिंचगुळी
'मतवाल्या' झकास आहे! फक्त कानाला हिंदी सिनेमा ऐकू येतो.

अडकित्ता
शब्द चांगला आहे, तरी वापरू नका. वाचकाला वाटेल, त्या काळी मराठीत असं म्हणत असत. 'सफ्रेजेट' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळी खर्च करा. 'मताधिकारवादी' सफ्रेजिस्टना द्या. आपल्याकडच्या चळवळीलाही तोच चपखल बसतो. हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये लंडनला जाऊन संसदीय समितीपुढे बोलल्या, इकडे रमाबाई रानडे या मागणीसाठी उभ्या राहिल्या. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं, मालमत्तेच्या अटीसह. सगळं शिष्टमंडळं आणि ठराव यांच्या वाटेनं, काच एकही फुटली नाही.

थेम्सकाठी
एक सफ्रेजेट मात्र आपल्या इतिहासातली आहे: सोफिया दलीप सिंग, महाराजा रणजितसिंगांची नात. राहायला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या आवारात, आणि त्याच राजवाड्याबाहेर उभी राहून 'द सफ्रेजेट' विकायची. 'मत नाही तर कर नाही' म्हणून तिने कर भरला नाही. सरकारने दागिने जप्त करून लिलावात काढले, ते चळवळीतल्या मैत्रिणींनीच बोली लावून सोडवून तिला परत दिले. लेखात हे 'टॅक्स रेझिस्टन्स' आलं तर सरळ 'करबंदी' लिहा, तयार शब्द आहे.
आणि '१९१८ साली ब्रिटिश स्त्रियांना मताधिकार मिळाला' एवढंच लिहू नका. तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्यांनाच मिळाला. पुरुषांना एकविसाव्या वर्षी. बरोबरी झाली १९२८ मध्ये.

नागपुरी संत्रं
मला 'मतदान'च खटकतो. हक्काची गोष्ट, तिचं दान कसलं?

अडकित्ता
दान म्हणजे नुसतं देणं. योगदान, आदानप्रदान. पुढे.

तलाठ्याची लेक
वडिलांच्या दप्तरात जुने फेरफार पाहिलेत. 'सखूबाई कोम रामजी', नंतरच्या कागदांत 'भ्र. रामजी'. कोम म्हणजे बायको, भ्र. म्हणजे भ्रतार. रामजीच्या पुढे 'बिन' आणि बापाचं नाव. नवऱ्याला टेकून का होईना, सखूबाई हे नाव कागदावर असायचं. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना तेही अडलं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत अशा भागांत कितीतरी जणींनी नावच सांगितलं नाही. नोंद काय, तर 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालवून घेतल्या नाहीत. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली. तरीही देशभरातल्या साधारण ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणी यादीबाहेर राहिल्या. सेनना कोणी नावं ठेवो, मला ते पटतं.

थेम्सकाठी
२८ लाख बायकांचं मत गेलं, आणि पटतं?

तलाठ्याची लेक
हो. १९३५च्या कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत मिळायचं. ती मतदार कशामुळे, तर त्याच्यामुळे. घटनेने ते काढून टाकलं आणि यादीत पुन्हा 'तमक्याची बायको' लिहायचं? मग मतदार कोण झालं? तमक्याच ना. आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळ जणींनी नाव सांगितलं.

थेम्सकाठी
ते पुढचं झालं. त्या वर्षी ज्यांचं मत गेलं त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं.

चिंचगुळी
भांडण चालू द्या, माझं एक काम करा. १९०९पासून सफ्रेजेट बायका तुरुंगात उपोषण करायला लागल्या आणि सरकारने नाकातोंडातून नळी घालून अन्न द्यायला सुरुवात केली. 'फोर्स-फीडिंग'ला मी 'बळजबरीने भरवणे' लिहिलंय.

तलाठ्याची लेक
ताई, 'भरवणं' आई लेकराला करते. चारचौघींनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरने नळी खुपसायची, त्याला 'कोंबणे' म्हणा.

अडकित्ता
अनुमोदन. 'नळीने अन्न कोंबणे'. 'बळजबरीने' गाळा, ते कोंबण्यातच आलं.