मदत हवी आहे: लंबवर्तुळाकार की भिंगाकार, ठरवायचं कसं?

सर्पिलवेडी: फोटो बघून दीर्घिकांचं वर्गीकरण करतेय, सर्पिल पटापट होतात पण एका गोल दीर्घिकेपाशी अडकलेय. भुजा नाहीत, धूळ नाही, मध्ये उजळ आणि बाहेर फिकट होत जाते. एका यादीत ई१ म्हणजे जवळपास गोल लंबवर्तुळाकार, दुसरीत एसझीरो म्हणजे तबकडी असलेली भिंगाकार. नक्की काय लिहू? उद्या द्यायचंय, लवकर सांगा प्लीज.

ध्रुवमत्स्य: अगं कुठली दीर्घिका ते तरी सांग. समोरून दिसतेय की कडेने?

निशाचर: कडेने असती तर तबकडी दिसलीच असती. एनजीसी ३११५ ही दीर्घिका कडेने दिसते, तीसुद्धा आधी ई७ म्हणजे सर्वांत चपटी लंबवर्तुळाकार म्हणून नोंदवलेली, नंतर एसझीरोत गेली. समोरून मात्र लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दोन्ही गोलच दिसतात.

जुना_निरीक्षक: ३११५ लहान दुर्बिणीतूनही सुंदर दिसते. फोटो सोडा, आधी डोळ्याने बघायची सवय लावा.

ध्रुवमत्स्य: काका, तिला उद्या उत्तर द्यायचंय.

सर्पिलवेडी: एम८४. गोलच आहे.

ध्रुवमत्स्य: मग केंद्रापासून बाहेरपर्यंत तेजस्वितेचा आलेख काढ. लंबवर्तुळाकारात उजेड सलग उतरत जातो, भिंगाकारात मधला फुगवटा संपून तबकडी सुरू होते तिथे उतार बदलतो. आणि धूळ नाही म्हणू नकोस, हबल दुर्बिणीच्या फोटोत एम८४च्या केंद्रापाशी धुळीचे पट्टे स्पष्ट आहेत.

निशाचर: आलेखाने भागत नाही, तबकडी फिकी असेल तर उतार कळतच नाही. तारे फिरतात कसे ते बघायला हवं. वर्णपटावरून एम८४ मंद फिरणाऱ्यांत निघाली, बहुतेक भिंगाकार वेगात फिरतात. मी ई१ लिहीन.

ध्रुवमत्स्य: तिच्याकडे वर्णपट कुठून येणार? आणि विषय आकारावरून वर्गीकरणाचा आहे.

मेघना_नभ: भिंगाकार बनतात कशा तेही वाच ना. दीर्घिकांच्या दाट समूहांत सर्पिल कमी आणि भिंगाकार जास्त, हे खगोलशास्त्रज्ञ ड्रेसलरने १९८० मध्ये दाखवलं. समूहातल्या तप्त वायूतून जाताना सर्पिलचा वायू निघून जातो, नवे तारे थांबतात, भुजा विरतात. एम८४ कन्या समूहातलीच!

निशाचर: हे तिने विचारलंच नाहीये. उलट खगोलशास्त्रज्ञ द व्होकुलरने १९५९ मध्ये एसझीरोचेच वजा, शून्य आणि अधिक असे तीन भाग केले ते सांगा, वजा म्हणजे लंबवर्तुळाकारच्या अगदी जवळचे. याद्या जुळत नाहीत त्या याच सीमेवर.

सर्पिलवेडी: ओके, आलेख काढते. कशात काढू?

ध्रुवमत्स्य: डीएस९ या खगोलचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. पण फाइल फिट्स, म्हणजे खगोलशास्त्रातल्या मोजमापाच्या फाइलची, आहे की जेपेग? जेपेगमध्ये उजेड आधीच ताणलेला असतो, त्यावरचा उतार धरू नकोस.