देवगड हापूसच्या साइटसाठी ५०० बॅकलिंकचं पॅकेज घ्यावं का? नाहीतर लिंक मिळवायच्या कशा?

मार्केटिंगवाली_पुणे
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. मी फ्रीलान्स डिजिटल मार्केटिंग करते, आत्ता माझ्याकडे देवगडचे एक बागायतदार काका क्लायंट आहेत, स्वतःच्या बागेतला हापूस पेट्या भरून पुण्या-मुंबईला घरपोच पाठवतात. साइट वर्डप्रेसवर आहे, वू-कॉमर्स टाकलंय, फोटो सगळे त्यांच्याच बागेतले. पण ‘देवगड हापूस ऑनलाइन’ टाकलं की साइट कुठेतरी तिसऱ्या पानावर. दिवाळी झाली, मार्चपासून माल सुरू होणार, म्हणजे हातात तीन-चार महिने. त्यात काकांना एका एजन्सीचा मेल आलाय, ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक), सगळ्या ‘डीए ५० प्लस’, महिन्यात पहिल्या पानावर नाही आणलं तर पैसे परत. काका म्हणतात ताई, घेऊन टाकूया, बाकीचे पण घेतात. मला हे पटत नाहीये पण काकांना पटेल असं सांगता येत नाहीये, आणि नुसतं नको म्हणून भागत नाही ना, मग त्याऐवजी काय करणार ते पण सांगावं लागणार. टायटल, मेटा, कीवर्ड हे सगळं करून झालंय, अडलंय ते लिंकवरच. जाणकारांनी प्लीज सांगा.

सर्चवाला_ठाणे
अजिबात घेऊ नका. काकांना सांगायचं असेल तर आधी पैशांच्या भाषेत सांगा. गूगलनं स्वतः त्यांच्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, त्यामुळे जो गॅरंटी देतो त्याच्यापासून तिथेच लांब व्हायचं. दुसरं म्हणजे तो ‘डीए’. डोमेन अथॉरिटी हा मॉझ नावाच्या कंपनीनं काढलेला आकडा आहे, गूगल तो रँकिंगला वापरत नाही. दोन साइटची ढोबळ तुलना करायला ठीक आहे पण तो फुगवता येतो, आणि ५०० लिंक विकणारे फुगवलेल्याच विकतात.

आता लिंकचं मूळ काय ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक मांडलं, कल्पना अशी की एका पानानं दुसऱ्या पानाकडे बोट दाखवलं म्हणजे ते एक प्रकारचं मत झालं, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. हे कळल्यावर लोकांनी मतं विकत घ्यायला सुरुवात केली, साहजिकच आहे. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानाचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सनं फेब्रुवारी २०११ मध्ये बाहेर काढलं, काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर त्यांच्या लिंक पेरलेल्या होत्या, ऐन ख्रिसमसच्या सीझनला ते वर होते आणि नंतर गूगलनं हातानं कारवाई केल्यावर ‘लिव्हिंग रूम फर्निचर’ला पहिल्या नंबरवरून थेट ६८ वर गेले. एप्रिल २०१२ ला गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, त्यात अशा साइट आपोआप खाली जायला लागल्या. सप्टेंबर २०१६ ला पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचाच भाग झालं, आणि तेव्हापासून बहुतेक वेळा काय होतं की खोट्या लिंकला शिक्षा होत नाही, त्या मोजल्याच जात नाहीत. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन नावाची त्यांची सिस्टीम लिंक विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही साइट ओळखायला लावलीये. म्हणजे काकांचे पैसे बहुधा नुसतेच पाण्यात. आणि फारच ठळक दिसलं तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटमालकाला माहिती दाखवतं तिथे, मॅन्युअल ॲक्शन (माणसानं तपासून केलेली कारवाई) येते, मग त्या लिंक काढा, जमत नसतील त्या डिसअव्हाऊ करा (म्हणजे धरू नका असं गूगलला कळवा), पुनर्विचाराचा अर्ज टाका आणि उत्तराची वाट बघा. यात सहज काही आठवडे जातात. हापूसवाल्याचे एप्रिल-मे गेले तर पुढचा सीझन थेट पुढच्या वर्षी, हे मात्र काकांना एका मिनिटात समजेल.

धंदा_आधी
थिअरी सगळी बरोबर आहे दादा पण मैदानात वेगळं दिसतं ना. मी बघतो त्या कितीतरी धंद्यांमध्ये विकतच्या लिंकवाले वर बसलेत आणि वर्ष वर्ष बसलेत, त्यांना काही होत नाही. ५०० वालं पॅकेज कचरा आहे हे मान्य, पण चांगल्या न्यूज पोर्टलवर पैसे देऊन दोन-चार लेख लावले तर काय बिघडतं? क्लायंटला रिझल्ट पाहिजे असतो, त्याला पेंग्विन सांगून काय उपयोग.

सर्चवाला_ठाणे
वर बसलेत हे तुम्ही बघताय, पण त्याच लिंकमुळे बसलेत हे कशावरून? त्यांचं डोमेन जुनं असेल, लोक त्यांचं नाव टाकून शोधत असतील, पाच-सहा लिंक अस्सल असतील आणि बाकीच्या मोजल्याच जात नसतील, बाहेरून आपल्याला फक्त लिंकांची यादी दिसते, त्यातली कुठली धरली कुठली सोडली ते दिसत नाही.

पोर्टलवर पैसे देऊन लेख लावायला बंदी नाही, जाहिरात म्हणून लावा की, फक्त त्या लिंकला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो लावायचं, म्हणजे ही लिंक मत म्हणून धरू नका असं गूगलला सांगणारी कोडमधली खूण. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड आणि यूजीसी (वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी) हे दोन सप्टेंबर २०१९ ला आले. त्यातून गिऱ्हाईक आलं तर फायदाच आहे, रँकिंगचा हिशोब त्यात धरू नका एवढंच. आणि पोर्टलच्या कोपऱ्यात बाहेरच्यांचा मजकूर ठेवून त्या पोर्टलच्या नावावर रँक करायचं हा जो प्रकार होता त्याच्यावर मार्च २०२४ ला धोरण जाहीर झालं आणि मे पासून कारवाई सुरू झाली. बंद पडलेली जुनी डोमेन विकत घेऊन रँकिंगसाठी वापरणं पण त्याच वेळी स्पॅमच्या धोरणांत आलं. म्हणजे आज जे चालतंय ते पुढच्या सीझनला चालेल असं धरून क्लायंटचे पैसे लावणं मला योग्य वाटत नाही.

धंदा_आधी
स्पॉन्सर्ड लावून जाहिरात, हे चालेल. बाकी आपलं मत वेगळं राहूदे.

सड्यावरची_ताई
मी मूळची देवगड तालुक्यातलीच, आता मुंबईत कंटेंटचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई, तुमच्या क्लायंटकडे जे आहे ते ५०० लिंक विकणाऱ्याकडे कधीच नसणार, ते म्हणजे बाग. मला वाटतं लिंक ‘बनवायच्या’ या विचारातून बाहेर या आणि असं विचारा की काकांच्या साइटकडे बोट दाखवायला कोणाला कारण आहे, आणि ते कारण साइटवर दिसतं का?

आत्ता हे दिवस मोहराचे. थंडी कशी पडली, मोहर किती आला, पहिल्या मोहराला फळ धरलं का, तुडतुडे आणि थ्रिप्स किती आहेत, अवकाळी पडला तर काय झालं, हे काका रोज बघतात आणि फोनवर सगळ्यांना सांगतात. तेच आठवड्यातून एकदा फोटो आणि तारखेसकट साइटवर टाका, मराठीत. दर वर्षी वाशी मार्केटला हापूसची पहिली पेटी आली की सगळ्या पेपरांत बातमी येते, मग यंदा आंबा उशिरा का, भाव चढे का, अशा बातम्या मेपर्यंत चालू असतात, आणि शेतीवर लिहिणाऱ्या पत्रकारांना तेव्हा बागेत बसलेला बोलणारा माणूस आणि वापरता येईल असा फोटो हवा असतो. ॲग्रोवन म्हणा, जिल्ह्याच्या आवृत्त्या म्हणा, कोकणातली न्यूज पोर्टल म्हणा, त्यांना आत्ताच मेल करून ठेवा की या बागेच्या नोंदी इथे आहेत, नाव देऊन वापरा. प्रत्येक जण लिंक देणार नाही, पण जो देईल ती खरी असेल. आणि लिंक नाही दिली, नुसतं नाव छापलं, तरी लोक नाव टाकून शोधतात, ते पण कमी नाही.

दुसरं म्हणजे जीआय. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बागायतदाराला त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. काकांची नोंदणी आहे का बघा, नसेल तर हे एसईओच्या (सर्चमध्ये वर येण्याच्या कामाच्या) आधी करा, कारण कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावानं खपवतात ही आमच्याकडची जुनी जखम आहे आणि गिऱ्हाइकाच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो की आंबा खरा आहे का. त्यावर एक पान मनापासून लिहा, जीआय म्हणजे काय, देवगडच्या हापूसची साल कशी असते, वास कसा येतो, आढीत पेंढ्यात पिकवलेला आणि पावडर टाकून पिवळा केलेला यात काय फरक, कापल्यावर आत पांढरट साका का निघतो आणि तसं फळ निघालं तर काका बदलून देतात का. काका सांगतील तसंच लिहा, इंग्रजीतून उचललेलं नको. असं पान फूड ब्लॉगवाले, रेसिपीवाले, आंब्यावर व्हिडिओ करणारे आपणहून दाखवतात, कारण त्यांना प्रत्येक वेळी ते परत समजावून सांगायचं नसतं.

आणि आधीपासून जे काकांना ओळखतात त्यांना विचारायला लाजू नका. ते कुठल्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत का, पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात स्टॉल लावतात का, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कुठल्या प्रयोगात बाग होती का, गावातले होमस्टेवाले पाहुण्यांना त्यांची बाग दाखवायला आणतात का? या प्रत्येकाची वेबसाइट किंवा निदान एखादं पान असतं, तिथे सभासदाच्या किंवा बागेच्या नावापुढे लिंक घालायला सांगा, बदल्यात पैसे नाहीत काही नाही, खरी ओळख आहे म्हणून. अशा दहा लिंक मिळाल्या तरी माझ्या मते त्या ५०० पेक्षा मोलाच्या आहेत.

परदेशातल्या मराठी लोकांसाठी पण एक पान होऊ शकतं. अमेरिकेत आपला आंबा २००७ पासून पुन्हा जायला लागला, त्याला विकिरण करावं लागतं. युरोपनं मे २०१४ ला बंदी घातली होती ती जानेवारी २०१५ ला उठली. काका निर्यात करत नसले तरी तिकडची मुलं पुण्यातल्या आईवडलांना पेटी पाठवतात, ऑर्डर तिकडूनच येते. महाराष्ट्र मंडळांची न्यूजलेटर, पानं असतात, तिथे हे उपयोगाचं आहे.

मार्केटिंगवाली_पुणे
ताई काय सुंदर लिहिलंत, खरंच मनापासून आभार. काकांची नोंदणी आहे असं ते मागे म्हणाले होते पण साइटवर त्याचा एक शब्द नाहीये, हे आत्ता तुमचं वाचताना लक्षात आलं. दोन शंका. गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर आपला लेख, करू की नको? आणि लोक लिंक देतील तेव्हा अँकर टेक्स्ट (ज्या शब्दांवर लिंक असते ते) ‘देवगड हापूस ऑनलाइन’ असंच द्या म्हणून सांगू का?

सर्चवाला_ठाणे
अँकर सांगायचाच नाही. ज्याला जे लिहायचं ते लिहूदे, बागेचं नाव, काकांचं नाव, ‘इथे वाचा’, काहीही. दहा ठिकाणाहून हुबेहूब एकच विकण्याचा शब्द आला की ती ठरवून केलेली गोष्ट आहे हे लगेच उघडं पडतं. गेस्ट पोस्टबद्दल, गूगलचे मॅट कट्स जानेवारी २०१४ मध्येच म्हणाले होते की लिंकसाठी गेस्ट ब्लॉगिंग करत असाल तर आता थांबा. पण काका एखाद्या शेतीच्या मासिकात मोहराच्या फवारणीवर खरोखर लेख लिहिणार असतील तर लिहूदेत की, तो वाचणाऱ्यासाठी लेख झाला, खाली लिंक असली काय नसली काय.

एक राहिलं. सर्च कन्सोलमध्ये लिंकचा रिपोर्ट उघडून बघा आधी, जुन्या लिंक कुठल्या पानांवर येतायत ते. हापूसवाल्यांच्या साइटवर मला नेहमी दिसतं की दर सीझनला नवीन पान करतात, ‘हापूस २०२३’, ‘हापूस २०२४’, आणि जुनं डिलीट. म्हणजे त्या पानाला जी काही लिंक मिळाली असेल ती पण गेली.

मार्केटिंगवाली_पुणे
अगदी हेच झालंय. आत्ता बघितलं, २०२३ च्या पानाला एका पेपरच्या बातमीतून लिंक आहे आणि ते पान ४०४ (पान सापडलं नाही) देतंय. आता काय करू?

सर्चवाला_ठाणे
आजच सगळी जुनी वर्षांची पानं एका कायमच्या पानावर ३०१ करा, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप ते पान उघडेल, पत्त्यात वर्ष नको, नुसतं हापूस. सीझन संपला की ते पान काढायचं नाही, ‘स्टॉक संपला, पुढच्या मार्चसाठी नाव नोंदवा’ असा फॉर्म ठेवायचा. होमपेजवर आणि मोहराच्या नोंदींमधून त्या पानाला लिंक द्या. मग सर्च कन्सोलमध्ये तो पत्ता टाकून इंडेक्सिंगची (गूगलनं पान आपल्या यादीत घेण्याची) विनंती करा आणि ज्या पेपरनं लिंक दिली होती त्या बातमीदाराला यंदाच्या मोहराचे फोटो पाठवा, तो काकांना ओळखतोच.