४एस आधी भरतो, मग इलेक्ट्रॉन जातानाही ४एसमधूनच का जातो?

परळ_अकरावी
अकरावी सायन्स, महाराष्ट्र बोर्ड. (४एस, ३डी ही अणूत इलेक्ट्रॉन राहतात त्या कक्षिकांची नावं.) पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये जातो, कारण ४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी, इथपर्यंत समजलं. पण लोहाचं संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) [आर्गॉन] ३डी(६) ४एस(२) आहे, म्हणजे आतले १८ आर्गॉनसारखे, आणि त्याच्या +२ आयनाचं [आर्गॉन] ३डी(६). जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आधी निघायला हवा ना? मग ३डी(४) ४एस(२) का नाही? क्लासमध्ये "भरताना ४एस, काढतानाही ४एस, पाठ करा" एवढंच सांगितलं. मला कारण हवंय.
(इथे वरचे आकडे टाइप होत नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉनांची संख्या कंसात लिहिली आहे.)

माटुंगा_रसायन
तुझा तर्क बरोबर आहे, गृहीतक चुकीचं आहे. "४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी" हे पोटॅशियम आणि कॅल्शियमपुरतं खरं. स्कँडियमपासून पुढे ३डी खाली जाते. कक्षिकेची ऊर्जा काही कायमची ठरलेली नसते. केंद्रकावरचा प्रभार वाढला की सगळ्या कक्षिका खाली सरकतात, पण सारख्याच वेगाने नाही.

हे वहीत करून बघ. स्लेटरने १९३० मध्ये दिलेले नियम पुरतात. इलेक्ट्रॉनला जाणवणारा इफेक्टिव्ह चार्ज = अणुअंक वजा शील्डिंग (बाकीचे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ जेवढी झाकतात ती). ४एसच्या इलेक्ट्रॉनसाठी: चौथ्या कवचातला प्रत्येक सोबती ०.३५, तिसऱ्या कवचातला प्रत्येक ०.८५, त्याच्या आतला प्रत्येक १. ३डीच्या इलेक्ट्रॉनसाठी: ३डीतला प्रत्येक सोबती ०.३५, आतले सगळे १. ४एसमधले मोजायचेच नाहीत.

पोटॅशियम, शेवटचा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये ठेवला तर: ८ × ०.८५ = ६.८, अधिक १०, म्हणजे शील्डिंग १६.८. १९ − १६.८ = २.२.
तोच ३डीमध्ये ठेवला तर: आतले १८ पूर्ण झाकतात. १९ − १८ = १. म्हणजे ४एस फायद्याची.

आता लोह. ४एस: ०.३५ + (१४ × ०.८५ = ११.९) + १० = २२.२५. २६ − २२.२५ = ३.७५.
३डी: (५ × ०.३५ = १.७५) + १८ = १९.७५. २६ − १९.७५ = ६.२५.

लोहात ३डीचा इलेक्ट्रॉन ६.२५ च्या ओढीत आहे, ४एसचा ३.७५ च्या, शिवाय तो सरासरीने बराच बाहेर. आधी कोण सुटणार ते उघड आहे.

दोन चुका हमखास होतात. एक, ज्या इलेक्ट्रॉनसाठी हिशोब चाललाय त्यालाच मोजणं (३डीत ५ घ्यायचे, ६ नाही). दुसरी, ४एससाठी तिसऱ्या कवचाचे ८ च धरणं. ३डीचे ६ पण त्यातच येतात, म्हणून १४.

परळ_अकरावी
सर, हिशोब जमला. पण मग नवीन गोंधळ. लोहात ३डी खाली असेल, तर ४एसमधले दोघं तिथे का राहतात? आठही ३डीत का जात नाहीत?

माटुंगा_रसायन
कारण ३डी आटोपशीर आहे, तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलतात. ४एस पसरलेली आहे, तिथे अपकर्षण कमी. अणू एकेका कक्षिकेची नाही, एकूण ऊर्जा कमीत कमी ठेवतो. स्कँडियममध्ये हे स्वच्छ दिसतं. त्याच्या +३ आयनाला एकेक इलेक्ट्रॉन परत दिला, तर पहिला ३डीत जातो. +१ आयन ३डी(१) ४एस(१), आणि उदासीन अणू ३डी(१) ४एस(२). पहिला ३डीत, नंतरचे दोन ४एसमध्ये. हे वर्णपटावरून ठरलेलं आहे.

आणि एक गोष्ट पक्की धर. ऑफबाऊमध्ये (कक्षिका क्रमाने भरत जाण्याच्या नियमात) आपण एका मूलद्रव्यावरून पुढच्यावर जातो, म्हणजे प्रोटॉनही वाढवतो. आयनीभवनात प्रोटॉन तेवढेच राहतात. या दोन वेगळ्या क्रिया आहेत, एक दुसरीची उलटी नाही.

चुंबक_मुलुंड
पुरावा प्रयोगातूनही मिळतो, फक्त आयन नीट निवडावा लागतो. लोहाचा +२ घेऊन काही सिद्ध होत नाही: ३डी(६) मध्ये चार अयुग्मित (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन आणि ३डी(४) ४एस(२) मध्येही चारच. +३ घ्या. ३डी(५) असेल तर पाच अयुग्मित, ३डी(३) ४एस(२) असेल तर तीन. चुंबकीय आघूर्णाचं सूत्र √न(न+२), न म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन: पाचला ५.९२ बोर मॅग्नेटॉन (आघूर्णाचं एकक), तीनला ३.८७. मोजमापं ५.९ च्या आसपास येतात.
जस्त तर कॉलेजच्या लॅबमध्येच आहे. झिंक सल्फेट पांढरं आणि प्रतिचुंबकीय (एकही अयुग्मित इलेक्ट्रॉन नसलेलं), कारण +२ आयन ३डी(१०). ३डी(८) ४एस(२) असता तर दोन अयुग्मित उरले असते.

वर्णपट_दादर
वरच्या स्लेटरच्या हिशोबाला एक मर्यादा आहे, ती सांगायलाच हवी. तो एस आणि पी एकाच गटात धरतो. त्यामुळे बेरिलियमची आयनन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा (मोलला सुमारे ९०० किलोज्यूल), बोरॉनपेक्षा (८०१) जास्त का, हे त्यातून कधीच निघणार नाही. तिथे पेनिट्रेशनच लागतं: २एसचा इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ जास्त वेळा शिरतो, २पीचा कमी, म्हणून बोरॉनचा २पी इलेक्ट्रॉन सहज निघतो.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल, तर फिजिक्सच्या लॅबमधला न्यूटन रिंगचा सोडियम दिवा बघ. हायड्रोजनमध्ये ३एस आणि ३पी जवळजवळ एकाच पातळीवर असतात. सोडियममध्ये ३एस आत शिरते आणि सुमारे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली जाते. इलेक्ट्रॉन ३पीतून ३एसमध्ये उतरताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. तो पिवळा रंग म्हणजे पेनिट्रेशनचंच माप. हेच पोटॅशियममध्ये इतकं वाढतं की ४एस थेट ३डीच्या खाली जाते. म्हणून चौथ्या आवर्तात आधी पोटॅशियम-कॅल्शियम, मग दहा संक्रामक मूलद्रव्यं, आणि आवर्ताची लांबी ८ वरून १८.

परळ_अकरावी
मस्त! शेवटचं एक. गॅलियम अॅल्युमिनियमच्या खाली असून आकाराने मोठा का नाही?

माटुंगा_रसायन
याच कारणाने. मध्ये ३डीची दहा मूलद्रव्यं येऊन गेली, केंद्रकात दहा प्रोटॉन जादा आले, पण डी इलेक्ट्रॉन झाकायला कमी पडतात. त्यामुळे अणुत्रिज्या अॅल्युमिनियम १४३, गॅलियम १३५ पिकोमीटर. आयनन ऊर्जा ५७७ आणि ५७९, जवळपास सारखी. सीईटीत त्रिज्येचा चढता क्रम विचारला, तर "गणात खाली जाताना वाढते" म्हणून डोळे झाकून टिक करू नकोस, तेराव्या गणात ही जोडी आधी बघ. क्रोमियम ३डी(५) ४एस(१) आणि तांबं ३डी(१०) ४एस(१) ही दोन संरूपणं मात्र लक्षातच ठेव, स्लेटरच्या हिशोबातून ती निघत नाहीत.