पाटी जपली जाते? नेहमीच नाही
अमेरिकेत जुन्या वास्तूंसमोर इतिहास सांगणारी पाटी लागली की लोक ती जपतात, असं म्हणतात. बऱ्याच ठिकाणी खरं आहे, पण मिसिसिपी राज्यातल्या ग्रॅबॉल लँडिंग या नदीकाठच्या जागेची गोष्ट वेगळी आहे.

शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा ऑगस्ट १९५५ मध्ये खून झाला. टॅलाहॅची नदीतून त्याचा मृतदेह इथेच बाहेर काढला, असं मानतात. पाटी लागायला मात्र पन्नासच्या वर वर्षं गेली! पहिली पाटी २००८ मध्ये कुणीतरी उपटून नेली. दुसरीची गोळ्यांनी अक्षरशः चाळण झाली. तिसरी २०१८ मध्ये लागली आणि ३५ दिवसांत तिच्यावरही गोळ्या झाडल्या. शेवटी २०१९ मध्ये चौथी आली, बुलेटप्रूफ पोलादाची, सुमारे २२५ किलोंची. नदीकाठच्या साध्या पाटीला चिलखत!

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) भोकं पडलेली एक पाटी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जशीच्या तशी मांडली होती. मला विचाराल तर कोऱ्या पाटीपेक्षा तीच जास्त बोलते. २०२३ पासून ही जागा राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे.